बोटांचा शनिवार

आमच्या सरांना माणसाचा चेहरा लक्षात राहायचा नाही, बोट राहायचं. वाशीच्या बाजारात कुणी समोर येऊन नमस्कार केला की हे कोरं तोंड करून बघत राहायचे. तो बिचारा नाव सांगायचा, कंपनी सांगायचा, गाव सांगायचा. यांच्या डोक्यात काही उजेड पडायचा नाही. मग हे सरळ त्याचा हात हातात घ्यायचे, उलटासुलटा करायचे आणि एकदम खुलायचे. "अरे, तू तर उजवा अंगठा. पॅकिंगवाला. नख नीट आलं की नाही?" भर बाजारात, कोथिंबिरीच्या जुड्यांवर वाकून नखाची चौकशी. एकदा मी शेजारी होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो माणूस मात्र असा हसला, की जणू त्याला कुणी हार घातलाय.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीजवळ पावणे गावच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कामगारांसाठी एक लहानसं हॉस्पिटल होतं. सर तिथे सर्जन होते आणि मी ड्रेसिंग रूमची सिस्टर. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. तसंही त्यांचं खरं नाव वापरायचं कोण? वॉर्डबॉयपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना पाठीमागे 'नखुर्डेसाहेब' म्हणायचे. नखाच्या कडेला पू धरतो ते नखुर्डं, आणि बोटाच्या टोकाच्या गरात पू धरतो ते त्याहून वाईट. या दोन दुखण्यांवर त्यांचा जीव होता. दुसऱ्या कुणाचा पत्ते खेळण्यावर असतो किंवा नाटकांवर असतो, तसा.

आता कुणी म्हणेल, सर्जनने पोटं उघडावीत, नखुर्ड्यात काय एवढं? हेच आमचे मोठे साहेब म्हणायचे. मोठे साहेब म्हणजे हॉस्पिटलचे मुख्य. "नखं कापायला न्हावी आहे ना," असं ते भर मीटिंगमध्ये बोलले होते. सर शांतपणे म्हणाले, "पोट उघडायला सगळे टपलेले असतात, साहेब. बोटाला कुणी वाली नाही."

आणि ते खरं होतं. बोट सुजलेला पेशंट आला की मोठे डॉक्टर मान वर न करता म्हणायचे, "बोट आहे ना? बघ रे तू." मग जो सगळ्यांत नवा, त्याच्या गळ्यात ते बोट पडायचं. तो आपल्या मनाने काहीतरी करायचा. एक जण गोळ्या द्यायचा, दुसरा गरम मिठाच्या पाण्यात बोट बुडवायला सांगायचा, तिसरा पिकू दे म्हणायचा आणि चौथा कुठेही चिरायचा. जितके डॉक्टर तितक्या तऱ्हा. पेशंटने सोमवारी यावं की गुरुवारी, यावर त्याच्या बोटाचं नशीब ठरायचं.

पेशंटही काही कमी नव्हते. निम्मे तर बोटाला लिंबू लावून यायचे. लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसायचं, हा आपल्याकडचा जुना उपाय. बाकीचे डॉक्टर ते लिंबू बघून भडकायचे. सर कधी नाही. ते लिंबू अलगद काढून हातात फिरवायचे आणि विचारायचे, "कधीचं?" पेशंट म्हणायचा, परवाचं. "म्हणजे परवापासून दुखतंय. बरं झालं, लिंबाने तारीख सांगितली." लिंबाचा गुन्हा नाही, उशिराचा गुन्हा आहे, असं त्यांचं मत होतं. मी ते लिंबू फेकायला जायची तर म्हणायचे, "राहू द्या, सिस्टर, सालीचं लोणचं होईल." मला शिसारी यायची. ते गंमत करतायत की खरंच म्हणतायत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या खिशात कायम काडेपेटी असायची. सिगरेट ओढताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून शिपाई म्हणायचे, साहेब चोरून ओढतो. काडेपेटीचा उपयोग वेगळाच होता. काडीच्या मागच्या बोथट टोकाने ते सुजलेल्या बोटावर जागोजाग हलकेच टेकवत जायचे. एका जागी पेशंट कळवळायचा. "सापडला," म्हणायचे, आणि तिथेच चीर द्यायचे, इकडे नाही, तिकडे नाही. ती काडी मग कचऱ्यात जायची. आयुष्यात त्यांनी काडी पेटवली असेल ती फक्त देवापुढे, आणि तेही बायकोने सांगितलं म्हणून.

साखरपुड्याला गेले तरी तेच. आमच्या लॅबमधल्या मुलीचा साखरपुडा सानपाड्याला सोसायटीच्या हॉलमध्ये होता. सगळे जेवणाची वाट बघतायत आणि हे नवऱ्या मुलाला बाजूला घेऊन सांगतायत, "अंगठी एक नंबर सैल घ्या. बोट सुजलं तर कापावी लागते, मी बऱ्याच कापल्यात." मुलीच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शुभ काय, अशुभ काय, याचा या माणसाला गंध नव्हता. मीच मग मध्ये पडून त्यांना पंक्तीत बसवलं.

पण मी सांगायला बसले ते शनिवाराबद्दल, आणि शनिवार सुरू झाला तो जवळच्या बोनकोडे गावातल्या एका बाईमुळे.

ती पावण्याच्या एका शेडमध्ये कोळंबी सोलायची. पहाटेपासून बर्फात हात, कोळंबीच्या डोक्याचा काटा बोटात शिरला की झालं. उजव्या हाताची तर्जनी सुजून आमच्याकडे आली, तेव्हा आमच्या नव्या तरुण डॉक्टरने तिला गोळ्या दिल्या. मुलगा हुशार होता, मनाने चांगला होता, फक्त बोटाबद्दल त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. दोन दिवसांनी ती परत आली. त्याने विचारलं, "कसं आहे?" ती म्हणाली, "बरा हाय." त्याने पुन्हा गोळ्या दिल्या. असं आणखी दोनदा झालं. मग एक दिवस तो रजेवर होता आणि ती सरांच्या पुढे येऊन बसली. सरांनी पट्टी सोडली आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कळत होता. पू हाडापर्यंत गेला होता. टोकाचं हाड काढावं लागलं.

जखम भरल्यावर बोटाचं टोक आखूड आणि लिबलिबीत झालं. कोळंबी सोलायला अंगठा आणि तर्जनीचीच चिमूट लागते. सरांनी तिला विचारलं, "तुम्ही प्रत्येक वेळी बरं आहे असं का सांगितलंत? झोप तरी लागत होती का?"

"झोप कुटली, डाक्तर. रातभर ठनके."

"मग सांगायचं ना."

ती जरा लाजली. "तो पोरगा एवढा पिरेमान इचारतो. त्याला कसा सांगू, तुज्या गोलीन काय झाला नाय म्हनून?"

सर नुसते तिचं बोट हातात धरून बसले. मला तेव्हा त्या बाईचा राग आला होता, आणि लगेच कळलं, की मीही तेच करते. आपण सगळेच करतो. डॉक्टरने विचारलं कसं आहे, की बरं आहे. एवढा शिकलेला माणूस आपल्यासाठी खपला, त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं? आणि डॉक्टर ते 'बरं आहे' खरं मानून कागदावर लिहितो. कागदावर सगळी बोटं बरी असतात.

त्या आठवड्यात सरांनी ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावला. त्यावर मोठ्या अक्षरात नियम होता, सगळ्या डॉक्टरांना एकच. अंगठी आधी काढा. ठणक्याने झोप मोडली असेल तर बोट आजच उघडा, उद्या नाही. सगळ्यांत जास्त दुखतं तिथेच उघडा. रक्तातली साखर तपासा. आणि शेवटी, शनिवारी परत बोलवा.

शनिवारी दुपारी ओपीडी संपली की सगळ्या डॉक्टरांनी एका खोलीत जमायचं. समोर एक खुर्ची, बाजूला शाळेतला असतो तसा फळा. बरी झालेली, न झालेली सगळी बोटं एकेक करून त्या खुर्चीत यायची. खडूने फळ्यावर मी लिहायची, दुखायला कधी लागलं, उघडलं कधी, उघडलं कुणी. डॉक्टरचं नाव स्पष्ट अक्षरात. आणि मग सर पेशंटला सांगायचे, "इथे बरं आहे म्हणायचं नाही. तो शब्द बाहेर चपलांजवळ ठेवून यायचा. करून दाखवा."

करून दाखवायचं म्हणजे आपापलं काम. शिंपी असेल त्याने सुईत दोरा ओवायचा. रेडिओचे भाग जोडणारी मुलगी असेल तिने बारीक स्क्रू उचलायचे. कोळंबीवाल्या बायका ओल्या फडक्यात कोळंबी बांधून आणायच्या आणि डॉक्टरांच्या समोर सोलायच्या. शनिवारी आमच्या हॉस्पिटलच्या पॅसेजला मच्छीमार्केटचा वास यायचा. मी मूळची देवरुखकडची, मासे खाऊन वाढलेली, तरी फिनेलने फरशी पुसून घेता घेता माझी कंबर मोडायची.

पहिल्याच शनिवारी बोनकोड्याची ती बाई खुर्चीत बसली. तिने कोळंबी हातात घेतली, ती घसरली. पुन्हा घेतली, पुन्हा घसरली. फळ्यावर तरुण डॉक्टरचं नाव होतं. तो भिंतीला टेकून उभा होता, कानाच्या पाळ्या लाल. सर त्याला एक शब्द बोलले नाहीत. त्याला तेच जास्त लागलं असावं. त्यानंतर तो सरांशी कामापुरतं बोलायचा आणि मला म्हणायचा, "सिस्टर, ही पंचायत आहे. आम्हाला गुन्हेगारासारखं उभं करतात."

मोठ्या साहेबांनाही शनिवार खुपत होता. डॉक्टर नाराज, पॅसेजला वास. पण बोटं सुधारत होती हे त्यांनाही दिसत होतं, त्यामुळे उघड बोलता येईना. हाड काढायची वेळ क्वचित येऊ लागली. शेडमधल्या बायका लिंबू लावायच्या आधी आमच्याकडे येऊ लागल्या. मोठ्या साहेबांनी एकदा सरांना माझ्यासमोर सांगून ठेवलं, "तुमचा नियम म्हणजे दिसलं बोट की काप. एक दिवस नको ते बोट कापलं जाईल. त्या दिवशी हा बाजार मी बंद करीन." सर म्हणाले, "जरूर करा."

आता पुढचं सांगते, ते बोट माझं आहे.

त्या दिवसांत आमच्याकडे रबरी हातमोजे म्हणजे सोन्यासारखे जपायची वस्तू. धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे, पावडर लावून पुन्हा वापरायचे. ते ऑपरेशनसाठी. वॉर्डात उघड्या हाताने काम चालायचं, सगळीकडेच चालायचं. एका म्हाताऱ्या पेशंटचं तोंड मी रोज साफ करत होते, त्याच्या ओठांवर फोड आले होते. काही दिवसांनी माझी उजवी तर्जनी चुणचुणायला लागली. मग सुजली, मग ठणका. एक रात्र मी घरात येरझाऱ्या घालून काढली. नवरा म्हणाला, "तुझ्या सरांना दाखव, त्यांच्या आवडीचं गिऱ्हाईक आहेस."

सकाळी मी सरांपुढे बोट धरलं. त्यांना ऑपरेशनला जायची घाई होती. "झोप?" म्हणाले. "नाही." काडी टेकवली, मी कळवळले. नियमाप्रमाणे सगळं बसत होतं. त्यांनी बोटाच्या मुळाशी भूल दिली आणि चीर दिली.

पू आलाच नाही. थोडं पाणी आलं, तेवढंच.

सर थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांना ब्लेड हातात धरून असं थांबलेलं पाहिलं नव्हतं. "सिस्टर, आधी चुणचुणत होतं?"

"हो."

"बारीक फोड होते? पाण्याचे?"

"होते दोनतीन. मग एक झाले."

"कुणाचं तोंड साफ करत होतात?"

मी म्हाताऱ्याचं सांगितलं. त्यांनी ब्लेड ट्रेमध्ये ठेवलं आणि स्टुलावर बसले. "हा त्याच्या ओठावरचाच आजार, तुमच्या बोटावर आलाय. याला पू नसतो. हा हात न लावता आपोआप बसतो. हे बोट उघडायचं नव्हतं. मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही."

चिरल्यामुळे पुढे त्यात खराच पू झाला. आजार बसला, पण जखम चिघळली. सर रोज सकाळी स्वतः येऊन पट्टी करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. जखम भरली तेव्हा टोकाला काही कळेनासं झालं होतं. गरम कळेना, टोचलेलं कळेना. मी घाबरले, खोटं कशाला बोलू. सिस्टरचं सगळं काम बोटाच्या टोकांवर चालतं. शीर शोधायची ती डोळ्याने नाही, बोटाने. नाडी बघायची बोटाने. मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

तरीही, शुक्रवारी मी सरांना गाठलं आणि म्हणाले, "सर, माझं बोट उद्या आणू नका."

"का?"

"मोठे साहेब टपून बसलेत. उद्या तुम्ही स्वतःच्या तोंडाने चूक सांगितलीत की ते शनिवार बंद करतील. मग पुन्हा जो तो आपल्या मनाचं करणार, आणि कोळंबीवाल्या बायकांची बोटं जाणार. एका माझ्या बोटासाठी एवढं कशाला? मी कुणाला सांगणार नाही. बरं होईल हळूहळू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे बघितलं, म्हणून लक्षात राहिलं. "सिस्टर, त्या बाईचं बोट फळ्यावर लिहिलंत तुम्ही. त्या मुलाचं नाव लिहिलंत. आणि माझं झाकायचं?"

"झाकायचं असं नाही म्हणत मी."

"तेच म्हणताय. तुम्ही नाही आलात तर मी खुर्ची रिकामी ठेवून सांगेन."

मला भयंकर राग आला. बोट माझं, ठणका मी काढला, आणि हट्ट यांचा. मी घरी जाऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, जाऊ नकोस. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरमाणसाचं नाव खराब होईल असं वागू नये. बघा, पुन्हा तेच. म्हणून मी गेले.

त्या शनिवारी मोठे साहेब नेमके हजर होते. कुणीतरी कान भरले असणार. बाकीची बोटं झाली आणि सर म्हणाले, "सिस्टर, आता तुम्ही." फळ्यापाशी उभं राहायचं सोडून मी खुर्चीत बसले. खडू सरांनीच घेतला. दुखायला कधी लागलं, उघडलं कधी, लिहिलं. उघडलं कुणी, तिथे स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट. पुढे लिहिलं, 'उघडायला नको होतं.' मग त्यांनी पाण्याच्या फोडांचं, म्हाताऱ्याचं, न विचारलेल्या प्रश्नाचं सगळं सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं.

मग त्यांनी शर्टाची बाही वर सारली, मनगट माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "सिस्टरचं काम नाडी बघणं. करून दाखवा. फक्त त्या बोटाने."

मी तर्जनी त्यांच्या मनगटावर ठेवली. काही नाही. जरा दाबली, जरा सरकवली. कापडाच्या गादीवरून बोट फिरवावं तसं. मोठे साहेब दारात उभे होते. ओठांवर आलं होतं, 'लागते, सर.' एवढं म्हटलं असतं तर निम्मं प्रकरण मिटलं असतं. चूक झाली खरी, पण बोट तर ठीक आहे. ते वाचले असते, शनिवार वाचला असता, मला टाळ्या मिळाल्या असत्या. आणि मला बोनकोड्याची ती बाई दिसली, 'बरा हाय' म्हणणारी.

"नाही लागत," मी म्हणाले.

सरांनी मान हलवली आणि फळ्यावर लिहिलं, 'नाडी लागत नाही.' अक्षर नेहमीसारखंच, वळणदार. मला मात्र रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मोठे साहेब म्हणाले, "डॉक्टर, आपलं बोलणं झालं होतं." सर म्हणाले, "हो." बस्स, एवढंच. सोमवारी शनिवार बंद केल्याची सूचना लागली. सरांनी वाद घातला नाही. त्यांनी पुठ्ठ्यावर सगळ्यांत वर एक ओळ वाढवली, 'पाण्याचे फोड असतील तर ब्लेड खाली ठेवा,' आणि आपल्या ऑपरेशनांना लागले. मला त्यांचाही राग, मोठ्या साहेबांचाही राग, सगळ्या जगाचा राग. एवढ्यासाठी मी खरं बोलले होते का?

पुढच्या शनिवारी काय झालं ते ऐका. सूचना लागली होती नोटीस बोर्डावर, इंग्रजीत. ती वाचणार कोण? पेशंटना तर आधीच सांगितलं होतं, शनिवारी या. दुपारी बाकावर ओळीने बायका येऊन बसल्या, फडक्यात कोळंबी. पुढे बोनकोड्याची बाई. तिच्या स्वतःच्या बोटाचं प्रकरण केव्हाच संपलेलं होतं, ती आता शेडमधल्या नव्या पोरींना घेऊन यायची. शिपाई म्हणाला, आता बंद झालंय, घरी जा.

"बंद कसा?" ती म्हणाली. "डाक्तरनी बोलवलाय. या पोरीनी कोलंबी आनलीय, ती काय परत नेवाची?"

सर आत ऑपरेशनमध्ये होते. मी काय करावं ते न सुचून उभी होते. तेवढ्यात तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याने बाकाकडे बघितलं, वास घेतला, नोटीस बोर्डाकडे बघितलं. मग खोलीत जाऊन त्याने खुर्ची मधोमध ओढली, फळा पुसला आणि मला म्हणाला, "खडू आणा, सिस्टर."

"अहो, पण सूचना आहे."

"मी पेशंट बघतोय. पेशंट बघायला बंदी नाहीये." मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं हो. मला वाटायचं, फळा फक्त आमच्यासाठी आहे."

पहिली पोरगी बसली. त्याने तिला सांगितलं, "इथे बरं आहे म्हणायचं नाही." अगदी सरांच्याच सुरात. मला हसू आवरेना. वासावरून मोठ्या साहेबांना कळलंच. ते दारापर्यंत आले, आत पाहिलं, आणि आपल्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. ती सूचना त्यांनी कधी मागे घेतली नाही. शनिवारही कधी बंद झाला नाही. सर पुढच्या आठवड्यापासून मागच्या रांगेत येऊन बसू लागले, तरुण डॉक्टर पुढे. खोलीत जो तो आधी विचारायचा, फोड पाण्याचे होते का. माझ्यासारखी आणखी एक सिस्टर आली, दुसऱ्या वॉर्डातली. तिचं बोट कुणी चिरलं नाही. आपोआप बरं झालं.

माझं बोट परत यायला फार वेळ लागला. आधी थंड कळायला लागलं, मग टोचलेलं. तोपर्यंत मी मधल्या बोटाने नाडी बघायला शिकले होते. सर अधूनमधून जाता-येता विचारायचे, "बोट?" मी म्हणायची, थंड कळतं. मी म्हणायची, सुई कळते. बरं आहे असं मी त्यांना पुन्हा कधी सांगितलं नाही.

काही वर्षांनी ते निवृत्त झाले. कँटीनमध्ये समारंभ, शाल, नारळ, गुच्छ. मोठ्या साहेबांनी त्यांचं एवढं कौतुक केलं, की ऐकून माझे कान किटले. सर स्टेजवर अवघडून बसले होते. कुणी बोलायला उभं राहिलं की त्याच्या हातांकडे बघत होते. त्यांना बोलायला सांगितलं तर उभे राहिले, "नियम भिंतीवर आहे, त्यात चुका सापडल्या की बदला," म्हणाले आणि बसले. तोंडावर कसलाही भाव नाही. शेजारची नवीन सिस्टर मला म्हणाली, "किती कोरडा माणूस आहे."

मी निघताना पॅसेजमध्ये त्यांनी मला हाक मारली. काखेत शाल, हातात नारळ. "सिस्टर, बोट?"

लोकांच्या गडबडीत माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बरं आहे, सर."

मग त्यांनी नारळ खिडकीत ठेवला, बाही वर सारली आणि मनगट पुढे केलं. मी मुकाट्याने तर्जनी ठेवली. फक्त तीच. क्षणभर काही नाही, आणि मग लागली. बारीक, पण स्पष्ट.

"लागते," मी म्हणाले.

"आणि?"

मी बोट तसंच ठेवलं. खात्री करून घेतली. "जलद आहे, सर. बरीच जलद आहे."

त्यांनी मनगट काढून घेतलं, बाही खाली ओढली आणि बटण लावायला लागले. बटण काही केल्या काजात जाईना. "तेवढं," ते म्हणाले, "फळ्यावर नको."